व्हीगन चायनीज घरी कसं करायचं? माझा तर काळा गिचका झाला

निवृत्त_पोस्टमास्तर, वाई

नमस्कार मंडळी. एरवी मी किल्ल्यांच्या धाग्यांवर असतो, पाककृतींकडे पहिल्यांदाच फिरकलोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक बंगळूरला नोकरीला आहे. दोन आठवडे घरी आलीये आणि येताना व्हीगन होऊन आलीये. मांसमच्छी आमच्याकडे कधीच नव्हती, पण आता दूध, दही, तूप, मध हेही बंद. सौ. तिच्या बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेलीये, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. पिठलं, भाकरी, भरली वांगी इथवर माझी गाडी बरी चालते. शनिवारी लेक म्हणाली, "बाबा, चायनीज खावंसं वाटतंय."

मग कोबी, गाजर, ढोबळी मिरची, फरसबी चिरली. टोफूचं पाकीट आणलं. सोया सॉस, चिली सॉस, केचप, व्हिनेगर अशा चार बाटल्या आणल्या. कढईत तेल, आलं-लसूण, मग सगळ्या भाज्या एकदम, मग चारही बाटल्यांतलं थोडं थोडं, आणि नेहमीसारखं झाकणावर पाणी ठेवून एक वाफ. झाकण काढलं तर तळाला वाटीभर काळं पाणी आणि भाज्या त्यात पोहतायत. पाणी आटवायला गेलो तर कोबीचा लगदा. टोफू मात्र तसाच, खोडरबरासारखा. लेकीने निमूट खाल्लं. ताट उचलताना म्हणाली, "आमटी बरी होती."

वाईत मिळणाऱ्या सामानात जमेल असं काही साधं सांगा. मंचुरियन, शेजवान नको, ते कोपऱ्यावर मिळतं. चिनी माणसं त्यांच्या घरी रोज काय खातात?

टवाळ_टाळकरी

काका, लेकीला माझा नमस्कार सांगा. अजिनोमोटो विसरलात. चिमूटभर टाका, आमटीचंही चायनीज होईल.

शंकेखोर

पण अजिनोमोटो व्हीगन असतं का?

सुझौहून_परत

काका, सामान तुमचं बरोबर होतं, घात झाकणाने केला. वाफ धरली की भाजी पाणी सोडणार, आणि पाणी सुटलं की परतणं संपून शिजणं सुरू. शिवाय चार भाज्या एकदम टाकल्यावर कढई गार पडते. घरच्या शेगडीवर एका वेळी एकच भाजी करायची, तीही दोघांपुरती. तिकडे घरोघरी असंच करतात. सगळ्या भाज्यांची एकत्र जत्रा भरवत नाहीत.

नवऱ्याच्या कंपनीमुळे आम्ही सहा वर्षं सुझौला होतो. शांघायच्या जवळचं, कालव्यांचं गाव. मी पक्की शाकाहारी, पहिले दोन महिने वरणभातावर काढले. मग समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला पदरात घेतलं. आईच्या वयाच्या बाईला तिकडे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. मला ते शेवटपर्यंत 'आई'च ऐकू यायचं.

आयींच्या ओट्यावर बाटल्या दोनच: पातळ सोया सॉस आणि काळं व्हिनेगर. केचप नाही, चिली सॉस नाही. जेवण म्हणजे भात, एक-दोन भाज्या, टोफूचं काहीतरी आणि पातळ सूप. पालेभाजी कशी? कडकडीत तेलात ठेचलेला लसूण, धुऊन नीट निथळलेली भाजी, मीठ, संपलं. उन्हाळ्यात लाल माठ. हो, आपलाच माठ! त्याच्या पाण्याने भात गुलाबी होतो आणि पोरं तेवढ्यासाठी तो मागून घेतात. पहिल्यांदा आयींकडे तो वाडगा पुढ्यात आला तेव्हा मला एकदम आजीचं घर आठवलं, फक्त वरून खोबरं नव्हतं. मंडईत नाळीची भाजी, घोसाळी, कोहळा, कारली, अळकुड्या, कमळकाकडी सगळं असायचं, आणि भाजीवाली शेवटी पिशवीत दोन काड्या कांद्याची पात फुकट टाकायची, आपल्याकडे कोथिंबीर-मिरची टाकतात तशी. मी उगाच ब्रोकोली शोधत होते.

आता तुमच्यासाठी बटाटा. 'स्वान-ला थूतोउ-स्स'. स्वान म्हणजे आंबट, ला म्हणजे तिखट, थूतोउ बटाटा आणि स्स म्हणजे रेशमाचा धागा. चीनमध्ये कुठेही जा, घरी नि खानावळीत हा असतोच. दोन मोठे बटाटे सोलून काडेपेटीच्या काडीपेक्षा बारीक चिरायचे. आयी पाटीसारख्या रुंद सुऱ्याने आधी बटाट्याची एक बाजू कापून तो सपाट बसवायच्या, म्हणजे घरंगळत नाही. मग पातळ चकत्या, त्या पत्त्यांसारख्या पसरायच्या आणि टकटकटकटक. मला तो वेग कधीच जमला नाही. किसणी वापरायची तर जाड भोकांची. बारीक किसला तर उपासाचा कीस होतो.

चिरलेला बटाटा तीनचार पाण्यांतून धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. पिठूळपणा निघून गेला नाही तर कढईत गोळा झालाच म्हणून समजा. मग चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. आंबटाने बटाटा मऊ पडत नाही. चिंच आधी पडली की रश्शातला बटाटा दडदडीत राहतो ना, तेच इथे मुद्दाम करायचं. मग चाळणीत निथळून फडक्यावर कोरडा करा. ओला बटाटा टाकलात तर परत आमटी.

कढई चांगली तापली की दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल. तिकडेही शेंगदाणा तेल खूप वापरतात, पण घाणीच्या तेलाचा वास पुढे येतो, रिफाइंड घ्या. आच कमी करून तीन-चार सुक्या मिरच्यांचे तुकडे आणि दोन पाकळ्या लसूण. मिरची काळी पडू द्यायची नाही. मग गॅस मोठा, बटाटा, आणि दोन-तीन मिनिटं सतत हलवत राहायचं. धागे अर्धपारदर्शक दिसू लागले की मीठ आणि थोडी ढोबळी मिरचीची उभी चीर. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर कढईच्या कडेने सोडा. चर्र होऊन नाकात वास चढला की गॅस बंद. सोया सॉस घालायचा नाही. बटाटा पांढराच दिसायला हवा आणि दाताखाली कुरकुरायला हवा. आपल्या जिभेला पहिल्यांदा तो कच्चा वाटतो, घाबरू नका.

काळं व्हिनेगर चिकट तांदळापासून करतात, सुझौच्याच प्रांतातलं झनच्यांग त्यासाठी प्रसिद्ध आहे. वाईत मिळणार नाही, साधं पांढरं चालेल. ते जास्त झोंबतं म्हणून जरा कमी घाला, वर चिमूटभर साखर.

काकडी तर सोपी. बत्त्याने किंवा सुरीच्या पात्याने दणका देऊन ठेचायची, फुटली की हाताने तुकडे. मीठ लावून दहा मिनिटं, पाणी ओतून द्यायचं, मग लसूण, व्हिनेगर, थोडा सोया सॉस, साखर, तिळाचं तेल. आपण चोचवतो, ते ठेचतात. चिरलेल्या गुळगुळीत कडांना रस लागत नाही, फुटलेल्या खडबडीत कडांना धरतो.

टोफू मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं मंद उकळून काढा. आंबूस वास जातो, आत मीठ शिरतं. मग तेलात दोन्ही बाजूंनी सोनेरी करा, वर सोया सॉस, पाणी, कांद्याची पात आणि चमचाभर पाण्यात कालवलेलं थोडं कॉर्नफ्लोअर. रस चकाकला की उतरवा.

फरसबीची मात्र कुरकुरीत फॅशन करू नका. अर्धीकच्ची फरसबी पोटाला बाधते, तिकडे त्यापायी लोक दवाखान्यात पोचतात. सालं सुरकुतेपर्यंत तेलात परता, मग लसूण-मिरची. आणि भात इंद्रायणीचा करा, बासमती नको. चॉपस्टिकने उचलायला चिकटच हवा.

शंकेखोर, अजिनोमोटो व्हीगन आहे. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी ती चव समुद्री शेवाळातून वेगळी काढली. हल्ली ऊस, मका वगैरे आंबवून करतात. नजर ठेवायची ती ऑयस्टर सॉसवर, तो कालवांचा असतो, आणि 'चिकन पावडर'वर. चीनमधल्या खानावळीत ती साध्या कोबीतही पडते, आणि पालेभाजी कित्येकदा डुकराच्या चरबीत परततात. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'वो छ्र सू', मी शाकाहार पाळते, असं म्हणायचं. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यावरही व्हीगन माणसाने विसंबू नये, त्यात दूध बसतं. व्हीगनचं वेगळं हिरवं चिन्ह २०२१ मध्ये आलंय, ते असलं तर उत्तम.

निर्धास्तपणे जेवायला आम्ही शीयुआन मंदिरात जायचो, तिथे आळंब्यांच्या रश्श्यातल्या शेवया मिळतात. चिनी बौद्ध मठांत कांदा-लसूणही वर्ज्य. सासूबाई आल्या होत्या तेव्हा ऐन चातुर्मास होता, त्या खूश. पण मठात जे पाच उग्र पदार्थ टाळतात त्यांत हिंगही आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "मग यांचा उपासच बरा."

माडावरचा, वेंगुर्ला

सुझौताई, एक राहिलं. त्या बटाट्यात ते जीभ बधिर करणारं मिरं घालतात ना? ह्वाच्याओ? ते आपल्या तिरफळाचं भाऊबंद आहे. दोघांचीही बी काढून टाकायची आणि साल तेवढी घ्यायची. आमच्याकडे तिरफळ बांगड्याच्या तिखल्यात जातं म्हणून शाकाहारी मंडळी त्याच्या वाटेला जात नाहीत, पण सुक्या वाटाण्याच्या तोणाकातही घालतात. मी तिरफळ घालून हा बटाटा करून पाहिलाय. चार फळं ठेचून तेलात सोडायची, वास आला की काढून टाकायची. चव तीच म्हणणार नाही, तिरफळ जास्त रानटी. पण ओठ झिणझिणतात.

सुझौहून_परत

हो, तेच! आयी तेलात दहा-बारा दाणे घालून काढून टाकायच्या. काकांना वाईत कुठे शोधायला लावू म्हणून लिहिलं नाही.

शंकेखोर

पण मग मंचुरियन चिनी नाहीच का?

टवाळ_टाळकरी

जितका मी मंचुरियाचा, तितका.

निवृत्त_पोस्टमास्तर, वाई

सर्वांचे आभार, विशेषतः ताईंचे. कालचा वृत्तान्त देतो.

बटाटे लेकीने चिरले, मी धुतले. तिसऱ्या पाण्यालाही दूध घातल्यासारखं दिसत होतं, पाचव्याला नितळ आलं. फडकं मिळेना म्हणून माझं जुनं धुतलेलं उपरणं घेतलं. तिरफळ गणपती आळीतल्या दुकानात चक्क मिळालं, दुकानदाराने विचारलं, "मासे खायला लागलात का?"

पहिला घाणा फसला. व्हिनेगर मध्यभागी ओतलं, चर्र वगैरे काही नाही, नुसता खोकला. दुसऱ्या घाण्याला कडेने सोडलं आणि वास बरोबर चढला. बटाटा पांढराशुभ्र, एकेक धागा सुटा. लेकीने उभ्याउभ्या कढईतूनच अर्धा संपवला. काकडी ठेचताना बत्ता निसटला आणि बिया भिंतीवर, पण चव झकास. टोफू या वेळी खाण्यासारखा झाला, त्याहून जास्त काही म्हणवत नाही.

उरलेला बटाटा ताटात झाकून ठेवला होता. संध्याकाळी सौ. मिरजेहून आली. हातपाय धुऊन ओट्याशी गेली, चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "अहो, बटाटा कच्चा राहिलाय की." आम्ही दोघं काही बोलायच्या आत तिने तो कढईत ओतला, पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवून एक वाफ काढली.