मदत हवी आहे: एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर कसं जायचं?

वैतागलेला: चार हजार ओळींची फाइल आहे. माउस नको, कीबोर्डवरूनच पुढच्या शीर्षकावर जायचंय. शीर्षकांची यादी यावी म्हणून कंट्रोल-शिफ्ट-ओ करून झालं, काही येत नाही. लवकर सांगा, आजच द्यायचीय.

खटपट्या: एडिटर कुठला? फाइल कसली?

वैतागलेला: साधी टेक्स्ट हो. शीर्षकांना # लावलेत.

जुनं खोड: ईमॅक्स एडिटर घ्या, त्यात ऑर्ग मोड, म्हणजे शीर्षकांच्या फाइलींची सोय. कंट्रोल-सी कंट्रोल-एन म्हणजे पुढचं शीर्षक, कंट्रोल-सी कंट्रोल-एफ म्हणजे त्याच पातळीवरचं पुढचं. शिफ्ट-टॅबने अख्खी फाइल मिटते. वीस वर्षं दुसरं काही लागलं नाही.

विमवाली: अहो, ते # म्हणताहेत, ऑर्गला शीर्षकापुढे * लागतो. विम एडिटरमध्ये फाइलचा प्रकार मार्कडाउन (# ची शीर्षकं ओळखणारा) ठेवून ]] दाबा, झालं.

जुनं खोड: मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू ठेवून विम वापरून दाखवा. एक ओळ खाली जायला जे दाबलं की र!

विमवाली: एस्केप दाबलं की इंग्रजीवर यायचं. सवय लागते.

सुबक: वर्डमध्ये रेफरन्सेसमध्ये जाऊन अनुक्रमणिका टाका, पानांचे आकडे आपोआप येतात.

खटपट्या: अनुक्रमणिका मागितलीय कुणी? वैतागलेला, एडिटरचं नाव?

वैतागलेला: व्हीएस कोड. अजून काय असणार?

खटपट्या: खाली उजवीकडे, पट्टीवर काय लिहिलंय?

वैतागलेला: प्लेन टेक्स्ट.

खटपट्या: तिथेच घोडं पेंड खातंय. कंट्रोल-के दाबून सोडा, मग नुसतं एम, आणि यादीतून मार्कडाउन निवडा. फाइलच्या नावाला .टीएक्सटीऐवजी .एमडी लावलंत तर दरवेळी हे करावं लागणार नाही. आता कंट्रोल-शिफ्ट-ओ करा.

वैतागलेला: आलं! पण ४१ पैकी ३०च दिसताहेत.

विमवाली: न दिसणारं एक इथे चिकटवा.

वैतागलेला: ##परिशिष्ट

विमवाली: # नंतर एक स्पेस हवी. त्याशिवाय मार्कडाउन त्याला शीर्षक मानत नाही.

सुबक: वर्डमध्ये ही भानगडच नाही.

खटपट्या: आणि ‘पुढचं शीर्षक’ अशी तयार कळ व्हीएस कोडमध्ये नाही. मी कंट्रोल-एफ करतो, ऑल्ट-आरने नमुन्यावरून शोध (रेगेक्स) चालू करतो आणि ^#+, म्हणजे ओळीच्या सुरुवातीचे #, शोधतो, मग एस्केप. त्यानंतर एफ३ने पुढे, शिफ्ट-एफ३ने मागे. कोडच्या तुकड्यातल्या # वरही थांबतं, तेवढं चालवून घ्या.

वैतागलेला: एफ३ दाबलं की आवाज वाढतोय.

खटपट्या: लॅपटॉप आहे हे आत्ता सांगताय? एफएन धरून दाबा!