सी.आय.डी.मधल्या खुन्याने दर भागात कबुलीच का द्यावी?

पर्वतीकर

काल इथल्या एका सभासदाने लिहिले की, सी.आय.डी. या टीव्हीवरील मालिकेत पुरावे आणि तर्क शोधणाऱ्यांनी वर्तमानपत्र वाचावे. त्यांच्या मते ही मालिका दमूनभागून घरी आलेल्या माणसांसाठी आहे आणि तिची चिकित्सा करणे म्हणजे इतरांचा रसभंग करणे होय. हे मला मुळीच मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२१ जानेवारी १९९८ रोजी मालिका सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली, तोवर दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. एवढी वर्षे टिकलेला प्रेक्षक केवळ इन्स्पेक्टर दयाने दरवाजा तोडलेला पाहण्यासाठी टिकला, असे मानणे हा त्या प्रेक्षकाचा अपमान आहे. मालिकेचे निर्माते बी. पी. सिंग आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, आणि सी.आय.डी.च्या आधी त्यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ केली होती. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला १११ मिनिटांचा भाग याच चमूने एकाही कटविना चित्रित केला. ज्यांना हे जमले, त्यांना नेटकी तपासकथा जमणार नाही असे मी मानत नाही. ती त्यांच्याकडून मागितली गेली नाही, एवढेच.

माझी मुख्य तक्रार शेवटच्या पाच मिनिटांबद्दल आहे. सगळ्या संशयितांना एका खोलीत उभे करायचे, एक थप्पड द्यायची, आणि मग खुन्याने हेतूपासून हत्यारापर्यंत सारे काही आपणहून सांगायचे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, ही तरतूद जुन्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही कायम आहे. मालिका पुन्हा सुरू झाली ती डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे त्यानंतर. मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे चाळीस मिनिटे जे गोळा करतात, त्यातले काहीही शेवटी कामाला येत नाही, कारण खुनी तोंडानेच सगळे सांगून मोकळा होतो. मग ती प्रयोगशाळा दाखवायची तरी कशाला?

दुसरी तक्रार एसीपी प्रद्युम्न यांच्या मृत्यूची. एप्रिल २०२५ मध्ये ते स्फोटात मारले गेल्याचे दाखवले, वाहिनीने श्रद्धांजली प्रसिद्ध केली, त्यांच्या जागी एसीपी आयुष्मान आले, आणि काही आठवड्यांत प्रद्युम्न परतले. शिवाजी साटम यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या व्यक्तिरेखेच्या मरणाचा असा वापर मला सहन झाला नाही.

धनकवडी

तो मजकूर माझाच होता, आणि मी तो मागे घेणार नाही. माझ्या आईच्या आजारपणात आम्ही दोघे रोज रात्री जुने भाग पाहत असू. तिला वेदनाशामक औषध दिल्यानंतर झोप लागेपर्यंतचा तास कठीण जाई. त्या तासात कोण मरणार, कोण सापडणार आणि शेवटी न्याय होणार, हे ठाऊक असणे हाच तिचा आधार होता. खटला पुढे वर्षानुवर्षे रेंगाळेल, साक्षीदार फुटतील, आरोपी जामिनावर बाहेर येईल, हे तिला दाखवून मी काय साधले असते? कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यानाचा शेवट आधीच माहीत असतो, तरी तो उठून जात नाही.

आपण कायद्याची कलमे लिहिलीत, ती बरोबर असतीलही. परंतु न्यायालय हा या मालिकेचा विषयच नाही. प्रद्युम्न परतले याचा मला आनंद झाला, आणि ज्यांना त्याचाही राग येतो त्यांनी मालिका पाहू नये.

नारायण पेठेतील वकील

पर्वतीकर ताईंच्या कलमात एक भर घालते. कबुलीजबाब ग्राह्य नसला, तरी आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा भाग सिद्ध करता येतो. ‘चाकू विहिरीत टाकला आहे, दाखवतो’ असे आरोपी म्हणाला आणि पंचांसमक्ष, म्हणजे साक्षीला उभ्या केलेल्या नागरिकांसमक्ष, चाकू निघाला, तर त्या पंचनाम्याला मोठे मोल येते. लेखकांना थप्पड सोडायची नसेल तर निदान कथा तिच्यापुढे एक पाऊल न्यावी, म्हणजे विहिरीपाशी जावे. मात्र पंच नंतर न्यायालयात शब्द फिरवतात आणि चांगले खटले तिथेच बुडतात, हे मी व्यवसायात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

औंधकर

वकीलबाई, आपण पंचांबद्दल इतक्या सहजतेने लिहिलेत, म्हणून मला माझी हकीकत सांगावी लागते. आमच्या दुकानाशेजारी चोरी झाली आणि तिच्यातच एका वृद्ध गृहस्थांचा जीव गेला. पोलिसांनी मला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला पंच म्हणून उभे केले. पंचनामा लिहीपर्यंत मध्यरात्र झाली. लाखेच्या मोहोरा लावलेल्या पाकिटांवर आम्ही सह्या केल्या. त्यानंतर कित्येक वर्षे कोणी विचारले नाही, आणि मग एके दिवशी समन्स आले. दुकान बंद ठेवून गेलो तर पुढची तारीख पडली, आणि असे वारंवार झाले. शेवटी साक्ष झाली तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारले की, पाकीट आधी मोहोरबंद झाले की सही आधी झाली. मला ते आठवले नाही, आणि भर न्यायालयात मला पोलिसांचा हस्तक ठरवले गेले. इस्त्रीवाला तोवर गाव सोडून गेला होता. मी शब्द फिरवला नाही. मला फक्त आठवले नाही.

सी.आय.डी.मध्ये मी एक माणूस कधीच पाहिला नाही, तो म्हणजे हा पंच. तुकडी थेट घरात शिरते, कपाट उघडते, रुमालात पिस्तूल उचलते आणि निघून जाते. ज्याच्या सहीवर सारा खटला उभा राहतो, त्याला मालिकेत जागाच नाही.

नारायण पेठेतील वकील

आपल्याला झालेला त्रास मी नाकारत नाही. परंतु उलटतपासणीत तो प्रश्न विचारणे हे बचाव पक्षाचे कर्तव्यच होते, कारण मोहोर आधी की सही आधी, यावर मुद्देमाल बदलला गेला का हे ठरते. ज्याच्या डोक्यावर जन्मठेपेची टांगती तलवार आहे, त्याच्या बाजूने हा प्रश्न कोणी विचारायचाच नाही का? आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे असते, त्यामुळे पंचाच्या स्मरणशक्तीवरचा भार थोडा हलका व्हावा.

औंधकर

कर्तव्याची भाषा आपण मला शिकवू नये. आपल्याला प्रत्येक तारखेचे शुल्क मिळते. मला दुकान बंद ठेवावे लागले. मला हस्तक म्हणणाऱ्या वकिलांनी बाहेर व्हरांड्यात हसून चहा विचारला, आणि तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. मोबाइलच्या चित्रीकरणाने पंच सुटणार असेल तर आनंदच आहे. पण ते चित्रीकरण खरे आहे हे सांगायलाही पुन्हा कोणालातरी तारखांना जावेच लागेल.

नारायण पेठेतील वकील

शुल्काचा उल्लेख अनाठायी होता. मी अनेक खटले विनामोबदला लढवले आहेत. तरीही शेवटच्या वाक्यात आपण चूक नाही, हे मला मान्य करावे लागते: चित्रीकरण सिद्ध करण्यासाठी साक्षीदार लागतोच.

कसब्यातला प्रेक्षक

पंचांची हकीकत वाचून मन विषण्ण झाले, पण मला डॉ. साळुंख्यांविषयी बोलायचे आहे. मृत्यू रात्री बरोबर अमुक वाजता झाला, असे ते एका दृष्टिक्षेपात सांगतात. शरीराचा ताठरपणा, तापमान आणि पोटातील अन्न यांवरून फक्त काही तासांची मर्यादा सांगता येते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीही डळमळते. खरे नाट्य त्या अनिश्चिततेत आहे. दोन संशयितांपैकी एकाची सुटका एका तासाच्या फरकावर अवलंबून आहे आणि डॉक्टर खात्री देऊ शकत नाहीत, असा भाग लिहिला तर साळुंखे आणि प्रद्युम्न यांच्यातल्या वादाला खरी धार येईल.

पुण्यात १९७६–७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने दहा जणांचे बळी घेतले. तो काळ अनुभवलेली माणसे आजही नायलॉनच्या दोरीचा आणि माफीच्या साक्षीदाराचा उल्लेख करतात. थप्पडीची आठवण कोणी सांगत नाही. अशा तपासाच्या पद्धतीवर मराठीत मालिका व्हावी, असे मला फार वाटते.

धनकवडी

ते प्रकरण कृपा करून मालिकेत आणू नये. त्या कुटुंबांतील माणसे याच शहरात राहतात. काल्पनिक खून पाहून आई झोपत असे. खऱ्या घराचा जिना पडद्यावर पाहून कोणालाही झोप लागणार नाही.

औंधकर काकांच्या पंचावर मात्र एक भाग लिहिला गेला, तर तो मी पाहीन. त्यात दरवाजा तुटला पाहिजे, आणि खुनी सापडला पाहिजे. त्यानंतर पंचाचे काय झाले तेही दाखवायचे असेल तर दाखवावे.

पर्वतीकर

पद्धत घेता येते, घरे घेण्याची गरज नाही. कसब्यातील सभासदांचे म्हणणे मला तसेच वाटले. धनकवडीकर, दरवाजा तुटू द्या, त्याला माझी हरकत नाही. थप्पडीबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयी नियम घालून दिले ते कोठडीतील छळ आणि मृत्यू डोळ्यांसमोर ठेवून. २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीवाचून नार्को चाचणी, म्हणजे औषध देऊन बोलते करणे, यास मनाई केली. एवढे सगळे होऊन गेल्यावरही आपल्या सर्वांत लाडक्या पोलिसाच्या हाताला सत्य बाहेर काढण्याचे साधन म्हणून दाखवले जाते, आणि मुले ते टाळ्या वाजवत पाहतात. इन्स्पेक्टर अभिजीतने एकदा तरी शांतपणे बसून दोन जबाबांतली विसंगती दाखवावी, खुन्याने शेवटपर्यंत नकार द्यावा, आणि तरीही तो सुटू शकणार नाही असा पुरावा टेबलावर असावा.

धनकवडी

नकार देणारा खुनी आईला आवडला नसता. पण तुम्ही म्हणता तसा भाग आला, तर तो पूर्ण पाहूनच मी बोलेन.