नळीची लांबी आणि लाकडी दस्ता
रायफलला २६ इंची नळी घेतली की नेम आपोआप सुधारतो, असं इथं वर कुणी म्हटलंय, ते पटलं नाही. ३०-०६ ला (हे काडतुसाचं माप) २४ इंची घेतली तर गोळीचा वेग सेकंदाला जेमतेम ४०-५० फुटांनी उतरतो, नेम बिघडत नाही. १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) लांब गोळी स्थिर जायला नळीच्या आतल्या खोबणींचा साधारण १० इंचांत एक पीळ लागतो, तो आधी विचारा की.

आणि दस्त्याचं, म्हणजे नळी ज्यात बसते त्या लाकडाचं, कुणीच बोललं नाही. खानापूर-जांबोटीच्या पावसात लाकूड फुगून नळीला टेकतं, मग गोळ्या एका बाजूला सरकतात. बंदूक रिकामी करून नोटेची दुहेरी घडी नळीखालून पार रिसिव्हरपर्यंत (नळी मागे जिथं बसवलेली असते तो धातूचा भाग) सरकवून बघा. जुलैत बघा, मेमध्ये सगळ्यांचीच सरकते! नोट अडली तर दस्त्यातली नळीची खाच घासायची, नळी नाही. घासलेल्या जागी वार्निश मारा, उघडं लाकूड पुन्हा पाणी पितं.