मदत हवी आहे : पोलीस जबाबाआधी भाचीशी कसे बोलावे?

मी पुण्यात राहते. माझ्या सात वर्षांच्या भाचीने गेल्या आठवड्यात तिच्या आईला जे सांगितले, त्यावरून ओळखीतल्या एका माणसाविषयी गंभीर संशय आला. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. गुन्हा नोंदवला असून परवा घरीच जबाब घेणार आहेत.

खरी अडचण आमचीच आहे. तेव्हापासून प्रत्येकाने काळजीपोटी तिला तेच तेच विचारले. काल माझ्या आईने "त्याने धमकी दिली होती ना?" असे विचारल्यावर तिने फ्रॉकचे बटण पिरगाळत होकारार्थी मान हलवली, थोड्या वेळाने मी "धमकी नव्हती ना दिली?" म्हटले, तर तशीच हलवली. मी हादरलेच. तिच्याकडून तयारी करून घ्यावी का? आई जवळ बसू शकते का? न्यायालयात तिला त्या माणसासमोर उभे करतील का?

प्रतिसाद :
मी पॉक्सो (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) प्रकरणांत सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबतीला असणारी व्यक्ती, म्हणून काम केले आहे. तयारी अजिबात करून घेऊ नका आणि घरातले प्रश्न आजच थांबवा. मान हलली म्हणजे मुलगी खोटे बोलते असे नव्हे. मोठ्यांना हवे असेल ते उत्तर लहान मूल सहज देते, आणि पुढे "घरच्यांनी पढवले" हा बचाव नेमका त्यावरच उभा राहतो.

फोरेन्सिक मुलाखतीची, म्हणजे तपासासाठी मुलाचे म्हणणे न पढवता ऐकून घेण्याची, पद्धत याच कारणासाठी घडली. अमेरिकेत 1985 मध्ये अलाबामातील हंट्सव्हिल येथे अशा मुलांसाठी पहिले केंद्र निघाले, ते मुलाला दारोदारी तीच हकीकत सांगावी लागू नये म्हणून. प्रशिक्षित व्यक्ती आधी वाढदिवसासारख्या साध्या विषयावर बोलते, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, माझे चुकले तर मला सांग" असे बजावते आणि मग "पहिल्यापासून सांग", "पुढे काय झाले?" एवढ्यावरच भर देते. उत्तर प्रश्नातच दडलेले नसावे, हे त्यातले मर्म.

आपल्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाची असावी, आणि आईवडील किंवा मुलीच्या विश्वासातली व्यक्ती हजर असावी. आईने जवळ बसावे, मात्र तिच्या वतीने बोलू नये. न्यायालयात वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. आरोपी तिच्या नजरेस पडू नये याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते.

ती आपणहून बोलली तर ऐकून घ्या आणि तिचेच शब्द, व्याकरण न सुधारता, तारखेसह लिहून ठेवा.

मूळ धागाकर्ती :
मनापासून आभार. सहायक व्यक्ती आम्हालाही मिळेल का?

प्रतिसाद :
हो. पोलिसांनी 24 तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचे असते आणि ही नेमणूक समिती करते. कळवले का, हे तपास अधिकाऱ्यांना उद्याच विचारा. नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा.