वाशीतलं बाबांचं सिडकोचं घर विकायचंय. टोकन घेऊ का?

मापाड्याची_लेक

बाबा मार्गशीर्षात गेले. आई आधीच गेली होती. वाशीत त्यांचं तळमजल्याचं घर आहे, १९८७ साली सिडकोकडून, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडून घेतलेलं. बाबा कांदा-बटाटा मार्केटात मापाडी, आई चेंबूरच्या शाळेत. तेव्हा वाशीला लोकल नव्हती, आई खाडीपुलावरून बसने जायची-यायची. मे १९९२ मध्ये मानखुर्दची गाडी वाशीपर्यंत आली, त्या आठवड्यात बाबांनी आम्हा दोघा भावंडांना पूल दाखवायला मानखुर्दला नेऊन परत आणलं होतं. आता मी नाशिकला, धाकटा भाऊ मेलबर्नला. घर बंद ठेवून काही उपयोग नाही, हे दोघांनाही पटलंय.

एजंटने गिऱ्हाईक आणलंय. नवरा-बायको, लहान बाळ आणि नवऱ्याची आई. आईचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना तळमजलाच हवाय. दोन लाख टोकन आजच देतो म्हणतात, पुढच्या पैशातला काही भाग रोख. सगळी कागदपत्रं अजून बाबांच्या नावावर आहेत. सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे. एजंट म्हणतो, नॉमिनीची सही पुरते, सिडकोचं नंतर बघू.

दुसरी गोष्ट जास्त खुपतेय. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की आमच्याकडे गटाराचं पाणी उलटं फिरतं आणि दारातल्या पायरीपर्यंत येतं. २६ जुलै २००५ ला घरात गुडघाभर होतं. गोदरेजच्या कपाटामागे भिंतीवर त्याची रेघ अजून आहे. या लोकांनी घर मे महिन्यात पाहिलं, सगळं कोरडं ठणठणीत. एजंट म्हणतो, पाऊस लागायच्या आत टोकन घेऊन टाका. मला त्या म्हाताऱ्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. काय करू?

जुईनगरकर

टोकन घेऊ नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. तुम्ही आणि भाऊ दोघंही वारस, दोघांच्या सह्या लागणार. आज टोकन घेतलंत आणि कागद वेळेत झाले नाहीत तर भांडण तुमच्या दारात येईल, एजंटच्या नाही. आणि रोख मुळीच नको. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर खातं तेवढाच दंड घेणाऱ्याला लावू शकतं, म्हणजे तुम्हाला.

खाडीकाठची_मावशी

बाळा, तुझ्या जागी मी तीन वर्षांपूर्वी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर नेरुळला. हे गेले तेव्हा मलाही वाटलं होतं की बायको आहे, नॉमिनी आहे, मग काय अडतंय. सगळं अडलं. आपल्याकडे जमीन आपली नसते, हे आधी मनात पक्कं कर. सिडकोने ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. त्यामुळे घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाताना सोसायटीबरोबर सिडकोच्या दप्तरातही ते चढावं लागतं, आणि त्याचं हस्तांतर शुल्क घराच्या आकारमानावर ठरतं. आधी बाबांच्या नावावरून तुमच्या नावावर, मग तुमच्या नावावरून गिऱ्हाईकाच्या. मधली पायरी गाळून पुढे जाता येत नाही. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर त्याची बँकही ही साखळी तपासते आणि पट्ट्याची किती वर्षं उरली तेही विचारते.

आम्हाला कोर्टातून वारस दाखला काढावा लागला. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, दोन वर्तमानपत्रांत नोटीस, सगळं धरून सात महिने गेले. त्या सात महिन्यांत दोन गिऱ्हाइकं निघून गेली. मी रडले, पण टोकन घेतलेलं नव्हतं म्हणून कुणाचं देणं डोक्यावर नव्हतं.

आता भावाचं. त्याला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र कर. माझी लेक इंग्लंडला असते, ती दिवाळीत आली तेव्हा स्वतः सब-रजिस्ट्रारकडे बसून सही करून गेली. तो येऊ शकत नसेल तर तिथे नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार) करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का, घ्यायचं, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. ही तीन महिन्यांची अट लोक विसरतात.

पण त्याला त्याचे पैसे हवे असतील तर हक्कसोड नको, त्याला विक्रेता म्हणूनच राहू दे. मग घेणाऱ्याला करकपात वेगळी करावी लागते. ५० लाख किंवा त्यावरच्या घरावर तुझ्या वाट्याची १ टक्का, पण परदेशात राहणाऱ्याच्या वाट्यावर बरीच जास्त. कमी कपातीचा दाखला त्याने आधीच आयकर खात्याकडून काढून ठेवावा. गिऱ्हाईकाला हे पहिल्या दिवशी सांग. आमच्या शेजाऱ्यांनी करार झाल्यावर सांगितलं आणि समोरचा माणूस भडकला.

तुझ्या नफ्याचं गणित बाबांनी १९८७ ला भरलेल्या रकमेवरून करायची गरज नाही. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं आहे, म्हणून त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेल्या किमतीच्या, वर जाता कामा नये. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून दाखला घे. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला इथे राहणाऱ्या माणसासाठी दोन वाटा आहेत: खरेदीच्या किमतीला महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा लावून २० टक्के, कमी बसेल तो. भावाला दुसरी वाट नाही. म्हणून दोघांचं गणित सीएकडून वेगवेगळं मांडून घे.

सोसायटीने देणगी मागितली तर घाबरू नकोस. आमच्या सेक्रेटरींनी दीड लाख मागितले होते. शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० आहे, आणि वारसाच्या नावावर करताना तर तोही लागत नाही. मी ती प्रत समोर ठेवली. ते गप्प बसले.

भरती_ओहोटी

ताई, मी स्थापत्य अभियंता, पंचवीस वर्षं याच शहरात काम करतोय. पाण्याबद्दल बोलतो.

वाशी, नेरुळ, बेलापूरचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरती चढली की खाडीच्या तोंडाची झडप बंद होते आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडप उघडून ते खाडीत जातं. मधले काही तास तलाव रिकामा असणं हाच सगळा आधार. आता बऱ्याच तलावांत गाळ भरलाय, त्यावर कांदळवन उगवलंय, आणि ते तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून पाणी गटारातून मागे येतं. तुमच्या घराच्या बांधकामात खोट आहे असं समजू नका.

गिऱ्हाईकाला पाण्याबरोबर एक गोष्ट आणखी सांगा. खारी हवा सिमेंटच्या आतल्या सळयांना खाते. सळई गंजून फुगते आणि प्लास्टर सुटून पडतं. स्वयंपाकघराचं आणि संडासाचं छत नीट बघा, पोकळ वाजतं का ते. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीकडे त्याचा अहवाल असेल तर प्रत मागून गिऱ्हाईकाच्या हातात द्या.

पनवेलचा_सेक्रेटरी

माझं मत थोडं वेगळं. इतकी जुनी इमारत म्हणजे आज ना उद्या पुनर्विकास. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती लागते. तुमच्या सोसायटीत ठराव झालाय का ते आधी विचारा. झाला असेल तर आज विकणं म्हणजे पदरातलं सोडून देणं. तरीही विकायचंच असेल, तर नव्या घराचा हक्क, बिल्डर देतो ते भाडं आणि कॉर्पस, म्हणजे तो सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम, कुणाची, हे करारात शब्दांत लिहून घ्या.

खाडीकाठची_मावशी

सेक्रेटरीसाहेब, ठराव विचारावा हे बरोबर. पण आमच्या शेजारच्या इमारतीत ठराव होऊन नऊ वर्षं झाली, अजून वीटही हललेली नाही. नाशिकला राहून दर महिन्याचा मेंटेनन्स भरत, पावसाळ्यात बंद घराची काळजी करत किती वर्षं थांबायचं, हे तिचं तिने ठरवू दे.

आणि बाळा, त्या बाईंना पाण्याचं सांग. मी सांगितलं होतं. गिऱ्हाईकाने चार लाख कमी केले. पण आजही ते लोक गणपतीला बोलावतात.

मापाड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, मध्ये वाशीला जाऊन आले.

टोकन घेतलं नाही. एजंट रागावला, त्याने फोन बंद केलाय. भावाशी दोन तास बोलले. त्याला त्याचा हिस्सा हवाय, आणि ते त्याने मोकळेपणाने सांगितलं हे मला बरं वाटलं. तो विक्रेता म्हणून राहणार, कमी कपातीच्या दाखल्याचं आतापासून बघतोय. सोसायटीत विचारलं, पुनर्विकासाचा ठराव नाही, नुसती चर्चा आहे.

गिऱ्हाईकाचा नंबर माझ्याकडे होता. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भरती होती, सकाळपासून धो धो पाऊस. मी त्यांना मुद्दाम त्याच वेळी बोलावलं. एकच्या सुमारास पाणी पहिल्या पायरीला लागलं. कपाट सरकवून २००५ ची रेघही दाखवली. त्या आजींनी रेघेवर हात ठेवला आणि विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होता?" मी सांगितलं, वरच्या मजल्यावर, शेजारच्या काकूंकडे, तीन घरांतली माणसं एका खोलीत. मुलगा म्हणाला, ऑडिटचा अहवाल वाचून सांगतो, तोवर तुमचे कागद होऊ द्या. घेतील की नाही माहीत नाही.

वारस दाखल्यासाठी गुरुवारी बेलापूरच्या कोर्टात वकिलांबरोबर जातेय. मावशी, एकच विचारायचंय. बाबांनी सिडकोचं ताबापत्र लॅमिनेट करून ठेवलंय. ते चालेल का?

खाडीकाठची_मावशी

मूळ प्रत आहे ना? मग तशीच ने. लॅमिनेशन सोडवायला जाऊ नकोस, कागद फाटेल. निघायच्या आधी दोन्ही बाजूंच्या चार झेरॉक्स काढून ठेव.