मनिलाला आगाऊ पैसे अन् आपल्या पोरांना चकरा

रात्रपाळी_धरमपेठ
काल इथं हिंगणा एमआयडीसीतल्या एका भाऊंनी लिहिलं: "कॅटलॉग, वेबसाइट, हिशोबाच्या एंट्र्या, सगळं आता मनिलाची एक पोरगी करते. तासाला ५ डॉलर. नागपूरच्या पोराले काम दिलं का आज देतो, उद्या देतो. तर्री पोहे खायले वेळ आहे, कामाले नाही." खाली लोकांनी वाहवा केली. मी रात्रभर जळून राहिलो, म्हणून नवा धागा.

मी अमेरिकेतल्या दुकानदारांच्या वेबसाइट करतो. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला न्यूयॉर्क उघडते, तेव्हा माझं दुकान उघडते. तर्री पोहे मी खातो, पण ते झोपायच्या आधी.

भाऊ, त्या पोरीला पैसे कसे देता? अपवर्कवरूनच ना, त्या फ्रीलान्स कामाच्या वेबसाइटवरून? ठरावीक रकमेचं काम असेल तर तिनं हात लावायच्या आधी तुमचे पैसे एस्क्रोत, म्हणजे मधल्याच्या ताब्यात जाऊन बसतात. काम जमा झाल्यावर तुम्ही १४ दिवस गप्प बसले तर ते आपोआप तिचे. तासावर असेल तर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात तिच्या स्क्रीनचा एक फोटो, अन् आठवड्याला बिल. तुम्ही वेळेवर पैसे देणारे झाले नाही भाऊ, बुडवायची सोयच त्यांनी ठेवली नाही.

आता माझी गोष्ट. २०१९ मध्ये इतवारीतल्या एका मसालेवाल्याचे पुडे डिझाइन केले. बिल १८,००० रुपये. अकरा चकरा मारल्या. प्रत्येक वेळी चहा आला, एकदा तर समोसाही. शेवटी ९,००० हातावर ठेवले, म्हणे बाकी दिवाळीनंतर. पुडे आजही बाजारात आहेत.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. ओहायोच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ पाठवला, त्यानं मुदत चार दिवस वाढवली. त्याच दिवशी इथल्या एका साहेबांचा फोन: "पाणी आलं ते ठीक, गणपतीचं बॅनर कधी देतो?"

हिंगण्याचा_कारखानदार
तो भाऊ मीच. आता माझीही ऐक.

आपल्याच गावचा पोरगा म्हणून वेबसाइटचं काम दिलं. अर्धे पैसे आगाऊ दिले, एस्क्रो-बिस्क्रो काही नाही, शब्दावर. दोन महिन्यांनी त्याला पुण्यात नोकरी लागली. फोन बंद. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर? त्याच्या! मी वीस वर्षं चालवलेल्या कारखान्याचं नाव हिंजवडीतल्या एका पोराच्या खिशात, अन् मी त्याच्या बापाच्या घरी चकरा मारून राहिलो. तू अकरा मोजल्या, मी मोजायचंच सोडलं. मनिलाची पोरगी वादळात लाइट गेली तरी मोबाइलवरून कळवते. माझा राग पैशाचा नाही बे, न सांगता गायब होण्याचा आहे.

मिहान_कधी_भरणार
मूळ रोग वेगळाच आहे. मिहान, आपल्या विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प, सांगितलं तसं भरलं असतं तर तो पोरगा पुण्याला गेलाच नसता. जमिनी घेतल्या...

रात्रपाळी_धरमपेठ
दादा, तुम्ही संत्राबर्फीच्या धाग्यातही मिहान आणलं होतं.

डोमेनचं मात्र मान्य. ते त्यानं नालायकपणाच केला. पण एका पोरानं केलं म्हणून अख्खं नागपूर तर्री पोहे खाऊन राहिलं का?

सीए_ताई_सदर
दोघांनाही एकेक चिमटा.

कारखानदार भाऊ, परदेशातून धंद्यासाठी सेवा घेतली की रिव्हर्स चार्जनं १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागते. क्रेडिट मिळते, पण आधी भरायचा. कार्डानं पैसे गेले म्हणून सुटका नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हे ऐकून खुर्चीत सरकून बसतात.

रात्रपाळी, तू तेव्हा उद्योग आधार केलं होतं का, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आताची उद्यम? सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागते, हे २००६ च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं थकवलेलं बिल खरोखर देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजाही होत नाही.

इतवारीचा_गल्ला
आला का ४५ दिवसांचा नियम! ताई, या नियमानं बाजाराची वाट लावली. आम्ही माल उचलतो तो गोंदिया-भंडाऱ्याच्या दुकानदाराला नव्वद दिवसांच्या उधारीवर देतो. तो शेतकऱ्याला देतो, त्याचे पैसे कापूस विकल्यावर. आता कापसाला सांगू का, ४५ दिवसांत फुट म्हणून?

अन् गंमत पाहा. व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे आमचे पैसे अडले तर हा नियम आमचा नाही. आम्ही अडवले तर आमच्यावर आहे. वा रे न्याय!

सीए_ताई_सदर
हे मात्र खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

हिंगण्याचा_कारखानदार
गल्लेवाले, तुमचं बरं आहे. मी मोठ्या कंपनीला सुटे भाग देतो. १२० दिवस. उद्यमचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं आहे. तक्रार केली का पुढची ऑर्डर बंद, मग त्या तिप्पट व्याजाचं लोणचं घालू?

रात्रपाळी_धरमपेठ
म्हणजे कंपनी तुम्हाला थकवते, तुम्ही मला थकवता, अन् मनिलाला तेवढं आठवड्याच्या आठवड्याला मिळते. मीही तेच म्हणून राहिलो.

हिंगण्याचा_कारखानदार
मी तुझे कधी थकवले? आपली ओळखही नाही! मसालेवाल्याचा राग माझ्यावर काहून काढतो?

इतवारीचा_गल्ला
आणि मसालेवाला म्हणजे सगळी इतवारी नाही, हेही लिहून ठेव.

पहाटेची_शिफ्ट
मी मनीषनगरातून पर्थच्या एका फर्मचे हिशोब लिहिते. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणून सकाळी साडेसहाला बसते. सासूबाई शेजारी सांगतात, सून घरीच असते.

कारखानदार दादा, तुमची पोस्ट वाचून हसू आलं. माझा साहेब त्याच्या गावच्या बुककीपरबद्दल शब्दशः हेच बोलतो. फक्त तर्री पोह्यांच्या जागी बीच आहे. मागच्या महिन्यात त्यानं सहज विचारलं, फिलिपिन्समध्ये सेबूची एक जण कमी पैशात करते म्हणते, तुला काय वाटते? मनिला, सेबू, पर्थ, तिघांचं घड्याळ एकच आहे. तिला साडेसहाला उठायचीही गरज नाही. तेव्हापासून मी रोज सात मिनिटं आधीच बसते.

मिहान_कधी_भरणार
ताई, मिहानमध्ये एवढ्या कंपन्या आल्या असत्या तर...

हिंगण्याचा_कारखानदार
पहाटेच्या ताई, तुमच्यासाठी वाईट वाटलं. पण मी उद्या इथल्या पोराला काम दिलं तर मनिलाच्या पोरीचं घर बसते. ती दोन भावंडांची फी भरते, हे मला माहीत आहे. सांगा, आता मी कोणाची दया करू?

रात्रपाळी_धरमपेठ
दया कोणी मागितली? दर सांगा, मुदत सांगा, पैसे वेळेवर द्या.

हिंगण्याचा_कारखानदार
ठीक आहे, साहेब. हिशोब मनिलालाच राहील. नवा कॅटलॉग छापायचा आहे, ४० पानी. कोटेशन पाठव. अन् फायली माझ्या पेन ड्राइव्हवर, तुझ्या नाही.

रात्रपाळी_धरमपेठ
फायली तुमच्या, डोमेन तुमचं. अर्धे आगाऊ, बाकी १५ दिवसांत, करार लेखी. आणि दिवाळीनंतर म्हणायचं असेल तर कोणत्या सालची, तेही त्यात लिहा.