गडाफीच्या मागे लिबियात काय उरले?

प्रश्न (फोंडा): माझे मामा ऐंशीच्या दशकात लिबियाच्या राजधानीत, त्रिपोलीत, नोकरीला होते. चतुर्थीला सगळे जमलो की ते सांगतात, तिथला सत्ताधीश गडाफी याच्या राज्यात शिक्षण आणि औषधोपचार फुकट होते. २०११ मध्ये त्याला मारून लोकांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. हे कितपत खरे मानावे?

उत्तर (डिचोली): मामांनी पाहिले ते खोटे नाही. १९६९ मध्ये राजे इद्रिस यांना पदच्युत केल्यावर गडाफीने तेलाचा पैसा शाळा, इस्पितळे आणि घरांवर खर्च केला, आणि पुढे सहाराखालचे पाणी चार मीटर व्यासाच्या नळांतून किनाऱ्यापर्यंत आणले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र १९९६ मध्ये अबू सलीम तुरुंगात सुमारे १,२०० कैदी मारले गेल्याचे मानवाधिकार संघटना सांगतात, आणि त्यांतील कित्येकांच्या घरचे त्यानंतरही वर्षानुवर्षे तुरुंगाच्या दारावर कपडे व खाणे आणून देत राहिले, कारण त्यांना कोणी काही कळवलेच नव्हते.

उत्तर (मडगाव): ‘पोर्तुगीज काळात चोऱ्या होत नव्हत्या’ हे आमच्याकडचे जुने लोकही म्हणतात! गडाफीचा खरा वारसा पोकळ संस्थांचा आहे. पक्षांवर बंदी, संविधान नाही, सैन्यही मुद्दाम दुबळे ठेवलेले. म्हणून तो गेल्यावर बंदूकधारी टोळ्याच उरल्या, आणि २०१४ पासून पूर्वेला एक सत्ता, पश्चिमेला दुसरी. २०२३ मध्ये पूर्व लिबियातील देर्ना शहराची दोन धरणे फुटून हजारो माणसे बुडाली. ती सत्तरच्या दशकात, त्याच्याच राजवटीत बांधलेली होती. देखभाल मात्र ना त्याने धड केली, ना नंतरच्यांनी.